व्हॉलीबॉल खेळाडूंचा दमदारपणा

व्हॉलीबॉल खेळाडूंचा दमदारपणा : स्नायूंना प्राणवायूचा पुरवठा सतत चालू ठेवून लांबलेल्या सामन्यात टिकून राहण्याची व्हॉलीबॉलपटूंची क्षमता. ती कमाल प्राणवायू ग्रहणक्षमतेवरून, म्हणजे ‘व्हीओटू मॅक्स’वरून ठरवतात. शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे दर मिनिटाला जास्तीत जास्त किती मिलिलिटर प्राणवायू वापरला जातो, तो हा आकडा.

व्हॉलीबॉल हा मुळात उडीचा आणि झटक्याचा खेळ. बहुतेक रॅली (सर्व्हिसपासून गुण सुटेपर्यंतचा खेळ) दहा-बारा सेकंदांतच आटोपतात. तेवढ्यात स्मॅश, ब्लॉक, पडत्या चेंडूवर झेप हे सगळे होते आणि त्यासाठीची ऊर्जा स्नायूंत आधीच साठलेल्या फॉस्फोक्रिएटिन या रसायनातून मिळते. दमाचे काम सुरू होते ते चेंडू मेल्यावर. रिकामा झालेला साठा प्राणवायूच्या मदतीनेच भरून निघतो. निम्मा भरायला साधारण अर्धे मिनिट लागते, पूर्ण भरायला काही मिनिटे. पुढची सर्व्हिस मात्र त्याआधीच येते. टाइमआउट ३० सेकंदांचा आणि दोन सेटमधली विश्रांती ३ मिनिटांची. त्यामुळे ज्याची भरपाई जलद होते, त्याची उडी पाचव्या सेटमध्येही फारशी खाली येत नाही.

पातळीनुसार फरक पडतो का? कॅनडाच्या राष्ट्रीय संघाची तेथील जागतिक विद्यापीठ स्पर्धेसाठीच्या (युनिव्हर्सियाड) संघाशी तुलना करणारा अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात राष्ट्रीय खेळाडूंच्या व्हीओटू मॅक्सची सरासरी ५६.७, तर विद्यापीठ खेळाडूंची ५०.३ भरली. राष्ट्रीय खेळाडूंची उडी उंच होती आणि २० मीटरची धावही जलद होती. ऑस्ट्रेलियातील कुमार खेळाडूंवरील २००७ च्या अभ्यासातही नवोदित, राज्य आणि राष्ट्रीय अशी पातळी चढत गेली तसा दम वाढलेला दिसला. पण पायांची ताकद आणि चपळाईही सोबतच वाढली होती. वरच्या पातळीवरचा खेळाडू सरावच जास्त करतो, तेव्हा दम हे निवडीचे कारण की सरावाचे फळ, हे अशा तुलनेतून सुटत नाही. त्याच ऑस्ट्रेलियन संशोधकांनी कुमार संघात कोण निवडले जाते हे तपासले, तेव्हा निवडलेले आणि वगळलेले यांच्यात फरक दिसला तो पासिंग आणि सर्व्हिसच्या तंत्रात.

आकडा वाचताना वजन विसरून चालत नाही. लांब पल्ल्याच्या उत्तम धावपटूचा आकडा ७० च्या पुढे जातो, म्हणून पन्नाशीतला व्हॉलीबॉलपटू कच्चा वाटतो. प्रत्यक्षात ९५ किलोचा खेळाडू ५५ च्या हिशेबाने मिनिटाला ५.२ लिटर प्राणवायू वापरतो; ६० किलोचा धावपटू ७५ च्या हिशेबाने ४.५ लिटरच. उंच, वजनदार मिडल ब्लॉकरवर (जाळ्याच्या मध्यावर ब्लॉक करणाऱ्या खेळाडूवर) या मापनाने हमखास अन्याय होतो.

जागेनुसार गरजही बदलते. जवळपास प्रत्येक रॅलीत दुसऱ्या चेंडूसाठी लिफ्टरलाच (स्मॅशसाठी चेंडू उचलून देणाऱ्याला) पळावे लागते. मिडल ब्लॉकर सतत उड्या मारतो, पण मागच्या रांगेत गेल्यावर सहसा लिबेरो (फक्त मागच्या रांगेत बचावासाठी खेळणारा खेळाडू) त्याची जागा घेतो आणि त्याला बाहेर बसून दम खायला मिळतो. लिबेरोचा नियम १९९८ पासूनचा. प्रत्येक रॅलीला गुण देणारी पद्धतही त्याच सुमारास आली. पूर्वी सर्व्हिस करणाऱ्या संघालाच गुण मिळे, त्यामुळे सर्व्हिस नुसती इकडून तिकडे जात राहून सामने रेंगाळत.

प्रयोगशाळेत ट्रेडमिलवर तोंडाला मुखवटा लावून ही क्षमता मोजतात. मैदानावर बहुधा २० मीटरची बीप चाचणी घेतात, म्हणजे ‘बीप’ आवाजाच्या तालावर दोन खुणांमध्ये ये-जा पळायला लावतात आणि निकालावरून तक्त्यात क्षमता पाहतात: ताशी ८.५ किलोमीटरने सुरुवात, मग दर मिनिटाला ०.५ ची वाढ. व्हॉलीबॉलचे मैदान १८ मीटरच लांब असल्याने दोन्ही टोकांच्या रेषांबाहेर एकेक मीटरवर खुणा कराव्या लागतात. नुसत्या रेषेपासून रेषेपर्यंत पळवले, तर दर फेरीला दोन मीटर कमी पळावे लागते आणि निकाल तक्त्याशी जुळत नाही.

सरावात मैदानाला फेऱ्या मारायला लावण्याची आपल्याकडची सवय मोसमाच्या आरंभी ठीक असते. पुढे दोघांविरुद्ध दोघे किंवा तिघांविरुद्ध तीन असे लहान सामने आणि थोड्या विश्रांतीने पुन्हापुन्हा घेतलेल्या छोट्या धावा अधिक उपयोगी ठरतात. त्यांत दमही वाढतो आणि हात चेंडूवर राहतो.