व्हिपटेलची पिल्ले उपाशी का मरतात?

व्हिपटेलने टाकीत अंडी घातली, नराने ती आठवडाभर राखली, पिल्ले बाहेर आली आणि पंधरा दिवसांत एकेक करून संपली. हा मासा पाळणाऱ्या अनेकांची गाडी इथेच अडते. मग रोग शोधला जातो, औषधे टाकली जातात. बहुतेक वेळा पिल्ले भुकेने गेलेली असतात.

व्हिपटेल दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचे मासे. दुकानात काचेला चिकटून बसणारा ‘सकर’ ज्या लोरिकॅरिइडी कुळातला, त्याच कुळातले. अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या ढाली, शेपटीकडचा भाग लांब आणि चपटा, टोकाला चाबकासारखा धागा. हा धागा वाहतुकीत बहुधा तुटतो, म्हणून ओळख पटवताना त्याच्यावर विसंबू नये. तोंड आणि पर पाहावेत. मुस्कट सोंडेसारखे पुढे आलेले असेल, तर पाठीवरचा पर कुठे सुरू होतो ते बघा. तो गुदद्वारामागच्या पराच्या समोर असेल तर फार्लोवेला, म्हणजे वाळक्या काटकीसारखा दिसणारा मासा. बराच पुढे, पोटाखालच्या जोडपरांच्या समोर असेल तर स्टुरिसोमा किंवा स्टुरिसोमॅटिक्थिस. सोंड नाही आणि ओठांवर बारीक फोडांसारखे उंचवटे आहेत, तर तो बहुधा र्‍हिनेलोरिकारिया. ओठांना लांब झालरी असलेले लोरिकारिया आणि वाळूत स्वतःला पुरून घेणारा, पानासारखा चपटा स्यूडोहेमिओडॉन हे त्याहून निराळे.

या वेगळेपणावरच पैदाशीची रीत ठरते. लोरिकारिया आणि स्यूडोहेमिओडॉनचा नर अंड्यांचा गुच्छ ओठाला धरून फिरतो. फार्लोवेला आणि स्टुरिसोमा काचेवर किंवा लाकडावर उघड्यावर अंडी चिकटवतात. र्‍हिनेलोरिकारियाला मात्र बीळ हवे. सुरुवात करायला हाच सर्वांत चांगला. दुकानातला लालसर ‘रेड लिझार्ड’ याच गटातला. एका टाकीत त्याची एकच जात ठेवावी, नाहीतर संकर होतो.

१० ते १२ सेंमीच्या चार-पाच माशांना ९० सेंमी लांबीची टाकी पुरते. तळाला बारीक, बोथट कणांची वाळू, एखादे ड्रिफ्टवुड म्हणजे पाण्यात मुरलेले लाकूड, पाणी २४ ते २७ अंश सेल्सिअस, पीएच ६.५ ते ७.५. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे टाकीचे पाणी सहज ३० च्या वर जाते. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून त्या दिवसांत हवेचा पंप रात्रीही बंद करू नये. मासा पकडायला जाळे वापरू नये. काटे जाळ्यात अडकतात, सोडवताना पर फाटतात. डब्यात हाकलून घ्यावा.

नर ओळखायचा तो वरून. त्याचे डोके रुंद, गालांवर आणि छातीच्या परांच्या काट्यांवर दाढीच्या केसांसारखे बारीक, राठ काटे. मादीचे डोके निमुळते, पोट मध्यावर फुगीर. आतून ३ सेंमीच्या आसपास रुंद आणि १५ ते २० सेंमी लांब असा पीव्हीसी पाइपचा किंवा बांबूचा तुकडा तळाशी ठेवा. फार रुंद पाइप नराला आवडत नाही. त्याला अंग दोन्हीकडून टेकलेले हवे असते. मग क्लोरीन काढलेल्या, दोनेक अंश थंड पाण्याने एक तृतीयांश पाणी बदला. पहिल्या पावसाने नदीला आलेल्या पाण्यासारखाच हा अंडी घालण्याचा इशारा. अंडी पडल्यावर नर त्यांवर बसून परांनी पाणी हलवतो आणि तोंडाने ती साफ करतो. त्याला त्रास देऊ नये, टॉर्च मारून सारखे बघू नये. घाबरलेला नर अंडी सोडतो, मग त्यांना बुरशी लागते.

साधारण आठ-दहा दिवसांत पिल्ले निघतात. पोटाखालच्या पिवळ्या पिशवीतला अन्नाचा साठा दोन-तीन दिवसांत संपतो आणि खरी परीक्षा सुरू होते. पिल्लू खाण्यामागे पोहत नाही. जिथे चिकटले आहे तिथलेच खरवडून खाते. दिवसातून दोनदा चिमूटभर पूड टाकली, तर पिल्लापर्यंत पोहोचण्याआधीच ती तळाशी कुजते. म्हणजे पिल्लू उपाशी आणि पाणी घाण, दोन्ही एकदमच.

म्हणून जेवणाची तयारी अंडी पडण्याच्याही आधी, तीन आठवडे आधी सुरू करावी. बरणीत पाणी आणि गुळगुळीत दगड घालून ती उन्हात ठेवा. दगडांवर हिरवा थर येऊ द्या. देशी बदामाची वाळलेली पाने धुऊन आठवडाभर भिजवा. त्यांच्यावर चढणारा बुळबुळीत थर पिल्लांना फार आवडतो. पिल्लांसाठी ठेवलेल्या, वाळू नसलेल्या २५-३० लिटरच्या टाकीत स्पंज फिल्टर लावून हे दगड आणि पाने तळभर पसरा. जोडीला उकळत्या पाण्यातून काढलेला पालक, स्पिरुलिना या शेवाळाची पूड आणि थोडी अंड्यातून नुकती फुटलेली आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव. पालक रोज बदला, उरलेले नळीने ओढून काढा, रोज २० टक्के पाणी त्याच तापमानाच्या पाण्याने बदला.

पिल्लू काचेला चिकटले की खालून पोट बघा. पोट गोल, आत हिरवट रंग दिसत असेल तर ठीक. खपाटीला गेले असेल, तर त्याच दिवशी आणखी एक दगड आत घाला. दोन दिवस थांबलात तर उशीर झालेला असतो.

तीन-चार सेंमीची झाली की पिल्ले मोठ्या टाकीत हलवता येतात. जास्त झालेली ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नयेत. याच कुळातला सकरमासा असाच सुटून आपल्या पाण्यात पसरला आहे. एव्हाना नर बहुधा पुन्हा पाइपमध्ये शिरलेला असतो. बरणीत नवे दगड घालून ती उन्हात ठेवायला घ्यावी.