झटका मशीन आणि तुरुंगाची भिंत

मागच्या हिवाळ्यात आमच्या शिवारात मोटारपंपाच्या केबली चोरीला जायचं सत्रच सुरू झालं. ऐन हरभऱ्याच्या ओलितात पंप बंद. पारावर एकच सूर होता, "सापडू द्या फक्त. दहा वर्सं टाका त्याले आत, अक्कल ठिकाणावर येईन." माझीही केबल गेली होती. मीही मान डोलावली.

पण ज्या धुऱ्यावरून केबल गेली, त्याच धुऱ्यावर झटका मशीन लावलेलं आहे. रोही आणि रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून आपण ते लावतो. त्याचा झटका जीव घेणारा नसतो. तारेतून सेकंदा-सव्वा सेकंदाला विजेचा एक ठोका जातो आणि पापणी लवायच्या आत संपतो. तरीही रोही दोन-तीनदा झटका खाऊन ती तार कायमची ओळखून घेतं, कारण तारेला शिवलं की झटका बसतोच, आणि शिवल्या क्षणीच बसतो. बॅटरी उतरून चार रात्री तार थंड राहिली, की कळप पुन्हा हरभऱ्यात.

माणसाच्या बाबतीत हीच गोष्ट चेझारे बेक्कारिया या इटालियन विचारवंताने १७६४ मध्ये मांडली होती. शिक्षा किती कठोर आहे यापेक्षा ती किती नक्की आणि किती लवकर मिळते, यावर गुन्हा थांबणं अवलंबून असतं, असं त्याचं म्हणणं. गेल्या काही दशकांत संशोधकांनी आकडेवारी घेऊन हे तपासलं, आणि तो बराचसा बरोबर निघाला. सापडण्याची शक्यता वाढली की गुन्हे कमी होतात. आधीच लांब असलेली शिक्षा आणखी लांबवली, तर धाक फारसा वाढत नाही. रात्री दोन वाजता केबल कापणारा माणूस "तीन वर्षं की दहा" असा हिशेब करत नाही. त्याचा हिशेब एकच असतो, "कोणी पाहीन का?" आमच्या शिवारात त्याचं उत्तर बहुतेक वेळा "नाही" असं असतं.

धाक हे तुरुंगाचं पहिलं काम. दुसरं काम म्हणजे माणसाला अडवून ठेवणं. तो आत आहे तोवर बाहेर चोरी करू शकत नाही, हे खरंच आहे. खून किंवा बलात्कार करणाऱ्याला समाजापासून दूर ठेवावंच लागतं, त्याबद्दल माझ्या मनात दुमत नाही. पण गुन्ह्याला वय असतं. देशोदेशीच्या नोंदी पाहिल्या, तर गुन्ह्यांचं प्रमाण मिसरूड फुटण्याच्या वयात चढतं, विशीच्या आसपास शिखर गाठतं आणि पुढे आपोआप उतरत जातं. म्हणजे लांबलचक शिक्षेची शेवटची वर्षं बहुधा अशा माणसाला कोंडण्यात जातात, ज्याच्यापासूनचा धोका वयानेच कमी केलेला असतो.

तिसरं काम सुधारण्याचं, आणि ते मोजणं सर्वात अवघड. तुरुंगातून सुटलेले पुन्हा गुन्हा करतात, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, कारण आत जाणारे मुळातच वेगळे असू शकतात. यावर संशोधकांनी एक युक्ती शोधली. काही देशांत खटला कोणत्या न्यायाधीशासमोर जाईल हे नशिबावर ठरतं, आणि काही न्यायाधीश कडक असतात, काही मवाळ. मग सारखाच गुन्हा, सारखाच माणूस, पण एक आत गेला आणि एक बाहेर राहिला, अशी तुलना करता येते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेच्या अशा अभ्यासात तुरुंगात गेलेल्यांमध्ये पाच वर्षांत पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता तब्बल २९ टक्के बिंदूंनी, म्हणजे शंभरांत २९ जणांइतकी, कमी झालेली दिसली. पण ही घट मुख्यतः त्यांच्यात होती, ज्यांना आत जाण्यापूर्वी काम नव्हतं. त्यांना आत कामाचं शिक्षण मिळालं आणि सुटल्यावर नोकरी लागली. ज्यांच्या हाताला आधीच काम होतं, त्यांच्यात असा फायदा दिसला नाही, उलट असलेली नोकरी गेली. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये याच पद्धतीने पाहिलं, तेव्हा तुरुंगवासानंतर गुन्हे वाढलेले आढळले. भिंती दोन्हीकडे सारख्याच. आत काय होतं आणि बाहेर काय वाट पाहत असतं, तिथे फरक आहे.

आता आपल्याकडे. केबलचोरीच्या संशयावरून शेजारच्या बेड्यावरचा, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवरचा, बावीस वर्षांचा एक पोरगा उचलला गेला. त्याच्याकडे माल सापडला नव्हता. फासेपारध्यांचं घर, एवढाच दुवा. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण चोरी झाली की बेड्याकडे बोट दाखवायची आमची सवय रद्द झालेली नाही. इथे मला पुन्हा ती तार आठवते. तारेला न शिवताही झटका बसत असेल, तर त्यातून कोण काय शिकणार?

त्याची माय महिन्यातून एकदा तुरुंगात त्याला भेटायला, म्हणजे मुलाखतीला, जायची. त्या दिवसाची कापसाची वेचाई बुडायची. पहाटेची एसटी, मग दुसरी एसटी, मग रांग. आधार कार्ड दाखवायचं, नाव पुकारेपर्यंत भिंतीच्या सावलीत बसायचं, आणि काचेपलीकडच्या पोराशी फोनवर काही मिनिटं बोलायचं. एकदा ती मला म्हणाली, "काय बोलू म्हणता म्हणताच टाइम संपते."

तो पोरगा अजून कच्चा कैदी होता, म्हणजे खटला चालू, दोष सिद्ध नाही. अशी माणसं अपवाद नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक बंदी होते आणि त्यांतले जवळपास ७६ टक्के न्यायाधीन. जागा मात्र ४ लाख ३६ हजारांची. बराकीत माणशी सुमारे ४० चौरस फूट जागा असावी असा दंडक आहे. १०० माणसांच्या जागेत १३१ कोंबले, की वाट्याला ३० फूट येतात. एक बाज टाकली की त्यातले अठरा फूट संपले.

बराकी दिवस मावळायच्या सुमाराला बंद होतात आणि दिवे रात्रभर चालू राहतात. अंधार पडला की मेंदू मेलाटोनिन नावाचं संप्रेरक सोडतो आणि शरीराला झोपेची वर्दी मिळते. डोळ्यांवर उजेड राहिला की ही वर्दी लांबते, झोप तुकड्यातुकड्यांत येते, चिडचिड वाढते, भांडणं होतात. कोंदट हवेत क्षयाचे जंतू सहज फिरतात. जगभरच तुरुंगांत क्षयरोगाचं प्रमाण बाहेरच्यापेक्षा कित्येक पट असतं, आणि सुटणारा माणूस खोकला घेऊन गावाकडेच येतो.

त्या पोराला जामीन मंजूर झाला तेव्हा माय हरखली होती. मग कळलं की जामीनदार हवा. जामीनदाराचा सातबारा हवा, तहसीलची सॉल्व्हन्सी, म्हणजे ऐपतीचा दाखला, हवा. बेड्यावर कुणाच्या नावाने जमीन नाही. गावात ज्यांच्या नावाने आहे, त्यांच्या सातबाऱ्यावर बँकेचा बोजा, आणि ज्यांच्यावर बोजा नाही ते पारध्याच्या पोरासाठी उभे राहीनात. मीही चार दिवस टाळाटाळ केली, हे इथे लिहायलाच हवं. जामिनाचा कागद हातात असूनही तो अकरा आठवडे आतच राहिला. त्या काळात शिवारातल्या आणखी दोन केबली गेल्या.

आत राहण्याचा खर्च निकालावरही पडतो. अमेरिकेतल्या दोन शहरांच्या अभ्यासात खटल्याआधी कोठडीत राहिलेले लोक जास्त प्रमाणात दोषी ठरले, आणि त्याचं मुख्य कारण म्हणजे त्यांनी स्वतःहून गुन्हा कबूल केला. माणूस आत बसून वैतागतो, "हो म्हणतो, पण सोडा."

जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ सांगतं, की याआधी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला बंधपत्रावर सोडावं. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे एक वर्ष झालं की सुटका. अर्ज करायची जबाबदारी तुरुंगाच्या अधीक्षकांवर आहे. पण एकाहून अधिक खटले चालू असतील, तर ही सवलत मिळत नाही. चार केबलींच्या चार फायली एकाच नावावर लागल्या, की कलम कागदावरच राहतं.

आमच्याच अमरावती जिल्ह्यात मोर्शीला खुलं कारागृह आहे. चांगल्या वागणुकीचे पक्के कैदी तिथे शेती करतात. ज्याचा दोष सिद्ध झालाय तो मोर्शीला उघड्या आभाळाखाली काम करतो, आणि ज्याचा झाला नाही तो ३० फुटांत दिवस मोजतो. हे उलटं आहे.

कोठडीत असलेल्या प्रत्येकाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. जामिनाचे पैसे भरता न येणाऱ्या गरीब बंद्यांसाठी केंद्राची २०२३ पासूनची योजना आहे, २०२३ च्या मूळ नियमांत कच्च्या कैद्यासाठी ४० हजार रुपयांपर्यंत मदत ठरली होती. त्या मायला यातलं काही कुणी सांगितलं नव्हतं, आणि मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. विधी सेवेचा मोफत फोन नंबर आहे १५१००. आता तो आमच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलाय, आणि बेड्यावरच्या शाळेच्या भिंतीवरही.