शेणखतातलं तणनाशक: पार्श्वभूमी

मुंबईत गच्चीवरच्या बागेसाठी तबेल्यातून शेणखत आणणारा वास बघतो, ओल बघतो, भुसभुशीतपणा बघतो. म्हशीनं खाल्लेल्या वैरणीवर काय फवारलं होतं, हे विचारायची पद्धत नाही.

जुन्या 2,4-डी या तणनाशकापुरतं ते चाललंही. ढीग नीट तापला की त्याचं बरंचसं विघटन होतं. क्लोपायरालिड, पिक्लोरॅम, अमिनोपायरालिड ही तणनाशक मंडळी वेगळी. गवत आणि तृणधान्यांना ती फारशी बाधत नाहीत. जनावराच्या पोटातून जवळपास जशीच्या तशी मलमूत्रात उतरतात आणि ढिगातही टिकतात.

हे उघडकीला आलं 1999-2000च्या सुमारास, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात. कंपोस्ट घातलेल्या टोमॅटो-वाटाण्याची पानं आकसून वळली. काही पीपीबी (अब्ज भागांत काही भाग) क्लोपायरालिड पुरेसं होतं आणि इतकं बारीक मोजणाऱ्या प्रयोगशाळा तेव्हा मोजक्याच होत्या.

2002 मध्ये तिथं क्लोपायरालिडचा हिरवळीवरचा वापर बंद झाला, शेतातला मात्र चालू राहिला. वाद आहे तो इथेच. शहरी कंपोस्टमध्ये कापलेलं गवत येतं, म्हणून हिरवळ आधी, हा युक्तिवाद चुकीचा नव्हता. पण त्याच राज्यातल्या एका विद्यापीठाच्या कंपोस्टमध्येही ही रसायनं सापडली होती आणि त्या ढिगात जनावरांखालचा पेंढा आणि शेण होतं. म्हणजे वैरणीची वाट ठाऊक असून उघडी ठेवली. निर्णय सोयीचा होता, पुरेसा नव्हता. 2008 मध्ये ब्रिटनमध्ये अमिनोपायरालिड शेणखतातूनच भाजीच्या वाफ्यांत पोचलं; परवाना स्थगित झाला आणि पुढच्या वर्षी अटींसह परत मिळाला.

मोजमापाचा घोळ सुरू होतो तो मर्यादा ठरवण्यापासून. वैरणीत किती तणनाशक चालेल, ही मर्यादा दूध-मांस खाणाऱ्याच्या हिशेबानं पीपीएममध्ये (दशलक्ष भागांत) ठरते, घेवड्याचं रोप पीपीबीमध्ये कोलमडतं. मधे हजारपटीचं अंतर. त्यात ढीग कुजताना वजन घटतं आणि न कुजलेलं रसायन उरलेल्या खतात दाट होतं. काही अंश लिग्निनला, म्हणजे वनस्पतीतल्या काष्ठद्रव्याला, चिकटून बसतो. नमुन्यातून तो नीट सोडवला नाही, तर महागडं यंत्रही कमीच आकडा दाखवतं.

आपल्याकडे 1985च्या खत नियंत्रण आदेशातले शहरी कंपोस्टचे निकष शिसं, कॅडमियम, पारा, सामू, कर्ब-नत्र गुणोत्तर विचारतात, तणनाशक नाही. ते विचारलं जाईपर्यंत स्वस्त चाचणी कुंडीतलीच: एका कुंडीत खत मिसळलेली माती, दुसरीत खताविना तीच माती, दोन्हींत घेवडा. दोन-तीन आठवड्यांत पहिली जोडपानं नव्हे, त्यानंतरची त्रिदळ पानं बघायची.