चित्रपट स्टुडिओतील वित्तप्रमुख

चित्रपट स्टुडिओच्या पैशाची उभारणी, खर्चावरील देखरेख आणि उत्पन्नाचा अंदाज सांभाळणारा वरिष्ठ अधिकारी. श्रेयनामावलीत त्याचे नाव क्वचितच झळकते.

या पदाकडे साधारण दोन वाटांनी येतात. एक वाट लेखापरीक्षण संस्था किंवा बँकेतून येते. दुसरी थेट सेटवरून. निर्मितीचा लेखापाल दर आठवड्याला खर्चाचा अहवाल काढतो. त्यात किती पैसे गेले यापेक्षा, चित्रपट पुरा होईपर्यंत आणखी किती लागतील हा रकाना आधी पाहिला जातो. पावसाने एक दिवस बुडाला की तो आकडा हलतो, आणि तो हलण्याआधी ओळखणारा लेखापाल पुढे चढतो.

जुन्या हॉलिवूडमध्ये तिजोरी आणि कॅमेरा यांत अख्खा खंड पसरलेला असे. एमजीएम स्टुडिओचे चित्रपट कॅलिफोर्नियात बनत, पण मालक कंपनी 'लोज'चे प्रमुख निकोलस शेंक न्यूयॉर्कला बसत. डिस्नेमध्ये ही विभागणी घरातच होती: वॉल्ट कल्पना लढवत, थोरले बंधू रॉय बँकेची मनधरणी करत.

कामाचा खरा गाभा म्हणजे 'अल्टिमेट', म्हणजे चित्रपटाच्या एकूण उत्पन्नाचा अंदाज. अमेरिकी लेखानियमांत तो साधारणपणे पहिल्या प्रदर्शनापासून दहा वर्षांपर्यंतचा धरतात. निर्मितीखर्च त्या अंदाजाच्या प्रमाणात वर्षावर्षांत विभागला जातो. समजा, खर्च 10 कोटी डॉलर, अंदाज 20 कोटींचा आणि पहिल्या वर्षी 12 कोटी आले; तर खर्चापैकी 6 कोटी त्या वर्षावर पडतात. अंदाज 15 कोटींचाच असता तर 8 कोटी पडले असते. गल्ला तोच, प्रेक्षक तेच. नफा मात्र 2 कोटींनी कमी. आशावादी वित्तप्रमुख म्हणूनच धोकादायक.

नफ्यातील वाटेकऱ्यांचे हिशेब हा मात्र बदनाम प्रांत. लेखक आर्ट बुकवाल्ड यांनी 1988 मध्ये पॅरामाउंटवर दावा लावला, तेव्हा त्यांच्या कल्पनेवरून बनलेल्या आणि जगभर कोट्यवधी डॉलर कमावलेल्या 'कमिंग टू अमेरिका' या चित्रपटाला निव्वळ नफाच झाला नाही, असे स्टुडिओचे म्हणणे होते. वितरणशुल्क, जाहिरात, वरकड खर्च आणि व्याज वजा करत गेले की 'निव्वळ' उरतच नाही. 1990 मध्ये न्यायालयाने त्या करारातील काही कलमे अन्याय्य ठरवली.

स्ट्रीमिंगमध्ये प्रेक्षक एका चित्रपटाचे तिकीट काढत नाही, साऱ्या संग्रहाची वर्गणी भरतो. 2019 मध्ये सुधारलेल्या अमेरिकी नियमांनुसार अशा चित्रपटांचे मूल्य घटले का, हे गटाने तपासता येते; त्यामुळे एखादा पडलेला चित्रपट ताळेबंदात वेगळा दिसेलच असे नाही.