‘मोफत’ रुग्ण आणि त्याची दाद : पार्श्वभूमी

वैद्यकीय निष्काळजीपणाबद्दल नुकसानभरपाई मागण्याचा हक्क १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिला, असे सर्रास मानले जाते. प्रत्यक्षात दिवाणी दाव्याचा मार्ग त्याआधीही खुला होता. कोकणात पालशेतच्या किनाऱ्यावर १९५३ मध्ये झालेल्या अपघातात एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले आणि पुण्यातील उपचारांदरम्यान त्याचा मृत्यू झाला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९६८ मध्ये निकाली निघाले, आणि कुटुंबाच्या पदरात तीन हजार रुपये पडले. पंधरा वर्षे कज्जा चालवण्याची ऐपत व चिकाटी असलेल्यांसाठीच तो मार्ग होता. ज्याच्याकडे कोर्ट फी भरायलाही पैसे नाहीत, त्याला निर्धन म्हणून दावा लावण्याची सोय दिवाणी प्रक्रिया संहितेत जुनीच आहे. परंतु आधी निर्धनत्व सिद्ध करायचे आणि मग डॉक्टरची चूक, अशी ही दुहेरी चौकशी असल्याने ती सोय बहुधा कागदावरच राहिली.

ग्राहक कायद्याने हे चित्र बदलले, कारण तेथे प्रारंभी शुल्क नव्हते, वकील सक्तीचा नव्हता आणि तक्रार साध्या कागदावर लिहून देता येत होती. रुग्ण हा ‘ग्राहक’ आहे काय, यावर मात्र अनेक वर्षे वाद चालला. डॉक्टरांच्या संघटनेने तो सर्वोच्च न्यायालयात नेला आणि १३ नोव्हेंबर १९९५ रोजी निकाल लागला. योगायोग असा की, गरिबांना मोफत विधी साहाय्य देणारा १९८७ चा कायदाही चारच दिवस आधी, ९ नोव्हेंबरला अमलात आला होता.

या निकालाचे सार ‘डॉक्टर ग्राहक कायद्याच्या कक्षेत आले’ एवढ्याच वाक्यात सांगितले जाते. गरीब रुग्णाचे भवितव्य मात्र त्यातील ‘मोफत’ या एका शब्दाभोवती फिरते. कायद्याने ‘सेवा’ या संज्ञेतून विनामोबदला दिलेली सेवा वगळली होती. न्यायालयाने त्यावरून रुग्णालयांचे तीन प्रकार पाडले. जेथे सर्वांकडून पैसे घेतले जातात ती रुग्णालये कायद्याखाली आली, आणि जेथे कोणाकडूनही घेतले जात नाहीत ती बाहेर राहिली. जेथे ऐपतदारांकडून पैसे घेऊन गरिबांवर मोफत उपचार होतात, तेथील मोफत रुग्णही ग्राहक ठरला, कारण त्याचा खर्च एका अर्थी शेजारच्या खाटेवरचा रुग्ण भागवत असतो. शिवाय, पैसे देणाऱ्याला दाद आणि न देणाऱ्याला नाही असे झाले, तर एकाच वॉर्डात काळजीचे दोन दर्जे निर्माण होतील. हा युक्तिवाद मानवीही आहे आणि तर्कशुद्धही. अडचण आहे ती पूर्णपणे मोफत असलेल्या सरकारी दवाखान्याची. केसपेपरसाठी घेतलेले नाममात्र शुल्क हा मोबदला नव्हे आणि सरकारला भरलेला करही मोबदला नव्हे, असे ठरल्यामुळे जेथे गेल्याशिवाय ज्यांना गत्यंतरच नसते असे रुग्ण ग्राहक मंचाच्या दाराबाहेरच राहिले. नुकसान कोणाचे झाले यापेक्षा बिल कोणी भरले, याला येथे अधिक महत्त्व मिळाले, हे नाकारता येणार नाही.

महाराष्ट्रात या भेदाला आणखी एक पदर आहे. धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्यात, तसेच बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू आहे. १९९५ च्या निकालाचा तर्क लावला, तर अशा खाटेवरचा रुग्ण ग्राहक ठरतो आणि जिल्हा रुग्णालयातील त्याचा सख्खा भाऊ ठरत नाही.

सरकारी रुग्णालयातील रुग्णाला कोणताच उपाय नाही, असे अर्थातच नाही. तेव्हाच्या औरंगाबादमध्ये १९६३ साली एका शासकीय रुग्णालयात प्रसूतीनंतर नसबंदी झालेल्या महिलेच्या पोटात टॉवेल राहून गेला. काही दिवसांनी टाके उसवून तो काढला गेला, पण ती वाचली नाही. रुग्णालय चालवणे हे सार्वभौम कार्य (ज्याबद्दल शासनावर भरपाईचा दावा चालत नाही असे काम) नसल्याने शासन जबाबदार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले आणि खालच्या न्यायालयाने दिलेले ३६,००० रुपये कायम केले. मधली तेहेतीस वर्षे कुटुंबाने न्यायालयांत काढली. हरियाणातील एका मजूर स्त्रीच्या नसबंदीत दोनपैकी एकाच बीजनलिकेवर शस्त्रक्रिया झाली होती आणि तिला पुन्हा मूल झाले. तिच्या बाजूने २००० मध्ये ५४,००० रुपयांचा निकाल कायम झाला. दोन्ही प्रकरणे दिवाणी दाव्याची आहेत.

पुराव्याचे ओझे दिवाणी न्यायालयात आणि ग्राहक मंचात सारखेच असते. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यापासून ७२ तासांत डॉक्टरला उपचारांच्या नोंदी द्याव्या लागतात. परंतु हा नियम ठाऊक नसलेला माणूस प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेले डिस्चार्ज कार्ड घेऊनच वकिलाकडे येतो, आणि त्या एका पानावरून भूल किती दिली, रक्त केव्हा चढवले, यांपैकी काहीच कळत नाही. त्यानंतर प्रश्न येतो तो दुसऱ्या डॉक्टरच्या मताचा. फौजदारी तक्रारीला खर्च नाही म्हणून गरीब नातेवाईक पोलिस ठाण्यात जात. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या निकालाने फौजदारी कारवाईसाठी घोर निष्काळजीपणाची अट घातली आणि तपास अधिकाऱ्याने आधी, शक्यतो सरकारी सेवेतील, डॉक्टरचे मत घ्यावे असे सांगितले. चूक सरकारी रुग्णालयातच झाली असेल, तर हे मत सहकाऱ्याविषयीचेच असते. ग्राहक मंचातही असेच मत आधी घ्यावे, असे २००९ मध्ये त्याच न्यायालयाच्या एका खंडपीठाने म्हटले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या खंडपीठाने प्रत्येक प्रकरणात त्याची गरज नाही असे ठरवले, आणि छोट्या तक्रारदाराला मोठाच दिलासा मिळाला.

मधल्या काळात, २००३ पासून, मंचात शुल्क आले. त्यातून अंत्योदय शिधापत्रिकाधारकांना सूट होती. २०१९ चा नवा कायदा २०२० मध्ये लागू झाल्यावर पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणांत शुल्क राहिले नाही. विधेयकाच्या मसुद्यात सेवांच्या यादीत असलेला ‘आरोग्यसेवा’ हा शब्द अंतिम कायद्यातून गळला, म्हणून डॉक्टर आता बाहेर पडले असा दावा झाला. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तो फेटाळला आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. विनामोबदला सेवा वगळणारे शब्द मात्र नव्या कायद्यातही तसेच आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचे शुल्कही बंद झाले. तेथील उपचार आता पूर्णपणे मोफत आहेत, आणि तक्रार असलेल्या रुग्णाचा मार्ग दिवाणी न्यायालयाकडेच जातो.