दाहजन्य वेदना : मेरुरज्जूतील रेणवीय संदेशवहन

नखुरडे झाले की बोटाला ठणका लागतो आणि एरवी ध्यानातही न येणारा चादरीचा स्पर्श सहन होत नाही. दाह होऊन सुजलेल्या जागी तयार होणारी प्रोस्टाग्लँडिने, ब्रॅडिकिनिन वगैरे द्रव्ये वेदनावाहक तंतूंना हळवे करतात, पण एवढ्याने सगळा उलगडा होत नाही. चेताशास्त्रज्ञ क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले, की इजेनंतरच्या या हळवेपणाचा काही भाग मेरुरज्जूतच घडतो. यालाच मध्यवर्ती संवेदनवृद्धी म्हणतात.

वेदनावाहक सी तंतू (चेतांचे बारीक धागे) मेरुरज्जूच्या पश्चशृंगात, म्हणजे पाठीकडच्या भागात, मुख्यतः वरच्या थरांत संपतात. तेथे ते ग्लुटामेट आणि सबस्टन्स पी ही संदेशवाहक द्रव्ये सोडतात. साध्या चिमट्याचा संदेश ग्लुटामेटच्या एएमपीए ग्राहींवरून (चेतापेशीच्या पटलावरील, ते द्रव्य ओळखणाऱ्या प्रथिनांवरून) पुढे जातो, कारण शेजारच्या एनएमडीए या दुसऱ्या प्रकारच्या ग्राहींचे छिद्र मॅग्नेशियमच्या आयनाने बुजलेले असते. दाहामुळे संदेशांचा मारा चालूच राहिला की चेतापेशीच्या पटलावरचा विद्युत्‌भार बदलतो, मॅग्नेशियम बाजूला होते आणि कॅल्शियम आत शिरते. कॅल्शियममुळे कायनेज विकरे (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने) जागी होतात. ती ग्राहींना फॉस्फेट जोडतात, नवे एएमपीए ग्राही पटलावर येतात आणि तीच चेतापेशी आता हलक्या स्पर्शालाही वेदनेसारखे उत्तर देऊ लागते.

याहून महत्त्वाचा वाटतो तो सैल पडणारा लगाम. पायाला सूज आणलेल्या उंदरांच्या मेरुरज्जूत प्रोस्टाग्लँडिने बनवणारे कॉक्स-२ हे विकर वाढते, हे २००१ मध्ये दिसले; पायाची चेता बधिर केली तरी ही वाढ पूर्ण थांबली नाही. त्यातून बनणारे प्रोस्टाग्लँडिन ई-२ पश्चशृंगातील ग्लायसिन ग्राहींचा अल्फा-३ घटक निष्प्रभ करते. ग्लायसिन हे चेतापेशींना आवरणारे द्रव्य. त्याचाच जोर ओसरल्यावर वेदनेला अटकाव राहत नाही. म्हणूनच जखम लहान दिसते म्हणून रुग्णाच्या दुखण्यावर शंका घेणे अन्यायाचे आहे.

कॉक्स विकर अडवणारी आयबुप्रोफेनसारखी औषधे सुजेच्या जागी आणि मेरुरज्जूत अशी दोन्हीकडे काम करू शकतात. केटामाइन एनएमडीए ग्राही अडवते, पण भास आणि गुंगी यांमुळे त्याचा वापर जपून करावा लागतो. सबस्टन्स पीचा एनके-१ ग्राही अडवणाऱ्या औषधांकडून प्राण्यांवरील प्रयोगांनंतर मोठी आशा होती. माणसांच्या वेदनेवर ती फारशी चालली नाहीत. त्याच गटातले अ‍ॅप्रेपिटंट आज केमोथेरपीनंतरच्या उलट्या रोखण्यासाठी देतात.