साडेतीन किलो उतरलं, पण उतरलं काय?

आमचे दाजी मध्यंतरी नऊ दिवस निव्वळ दुधीचा रस, ताक आणि काकडीवर राहिले. दहाव्या दिवशी सकाळी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर (पाटीवर हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण नाशिककर गोल्फ क्लबच म्हणतो) मला गाठून म्हणाले, "साडेतीन किलो उतरलं!"

"दाजी, उतरलं ते नेमकं काय उतरलं?"

त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. पण घोळ तिथंच आहे. वजन उतरणं आणि चरबी उतरणं आपण एकच धरून चालतो. काट्याला फक्त बेरीज कळते. हाडं, स्नायू, पाणी, चरबी आणि रात्रीच्या जेवणातलं अजून पोटात असलेलं, सगळं एकाच आकड्यात. त्यातलं काय कमी झालं, हे तो सांगत नाही.

दाजींचा हिशोब करून पाहू. किलोभर चरबीत साधारण 7,700 कॅलरी असतात. दाजींच्या अंगमानाला रोज 2,200 कॅलरी लागतात असं धरू, आणि रस-ताकातून 500 पोटात गेल्या असं समजू. रोजची तूट 1,700, नऊ दिवसांची 15,300. ही सगळी तूट चरबीतूनच भागली असती तरी चरबी दोन किलोच्या आतच जाते. मग वरचं दीड किलो कुठलं?

ते मुख्यतः पाणी. भाकरी, भात, साखर यांतली जादा साखर शरीर ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत ठेवतं. मोठ्या माणसाच्या अंगात हा साठा 400-500 ग्रॅमच्या आसपास असतो, आणि प्रत्येक ग्रॅमला सुमारे 3 ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं एकदम तोडलं की पहिल्या दोन-तीन दिवसांतच हा साठा रिकामा होऊ लागतो आणि त्याचं पाणीही निघून जातं. पापड-लोणचं बंद म्हणजे मीठ कमी, त्यामुळे आणखी थोडं पाणी जातं. आपल्याकडच्या माणसाला हे सांगायला द्राक्षं पुरेशी आहेत. चार किलो द्राक्षं वाळवली की किलोभर बेदाणा हातात येतो. तीन किलो वजन गेलं, साखर मात्र होती तेवढीच.

(दुधीचा रस घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा: घोट कडू लागला तर लगेच थुंकून टाका. कडू दुधीच्या रसानं माणसं दगावली आहेत.)

पाणी गेलं तर परत येतं, त्याचं फार दुःख नाही. खरी चिंता स्नायूंची. माणूस उपाशी राहिला आणि व्यायामही केला नाही, तर शरीर चरबीबरोबर स्नायूही खर्चात काढतं. मग आरशात माणूस बारीक दिसतो, पण जिना चढताना धाप तीच, गालफडं बसलेली आणि पोट मात्र जागच्या जागी.

आता दुसरी बाजू. आमच्या वहिनी तीन महिने आठवड्यातून तीनदा पहाटे पांडवलेणीच्या पायऱ्या चढल्या. दोन दिवस घरीच पाण्यानं भरलेल्या बाटल्या घेऊन हातांचे व्यायाम आणि बैठका. उपास एकही नाही. दोनाची एक भाकरी केली, पण उसळीची वाटी मोठी केली, रोज दही, आणि फोडणीचं तेल पळीऐवजी चमच्यानं मोजलं. तीन महिन्यांनी काट्यावर गेलं फक्त दीड किलो. वहिनी हिरमुसल्या. त्याच आठवड्यात लग्नाला घालायचा ब्लाउज बाहेर काढला तर तो दोन्ही बाजूंनी सैल, आतून टीप मारून घ्यावी लागली. टेपनं मोजलं तर कंबर 88 सेंटिमीटरवरून 82 वर आलेली. चरबी गेली होती, स्नायू टिकले होते, कदाचित थोडे वाढलेही होते. काटा बिचारा दीड किलोच दाखवत राहिला.

उसळीची वाटी मोठी का, तर प्रथिनांसाठी. भारतीय शिफारस किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅमची आहे, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 50 ग्रॅम. वाटीभर डाळीत जेमतेम सहा-सात मिळतात. वरण-भातावर दिवस काढणाऱ्यानं आपलं गणित एकदा करून बघावं. व्यायामाचं मापही अवघड नाही: जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं जोमदार चालणं आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम सांगते. आपण चालतो, ताकदीचं मात्र सोडून देतो.

हाच गोंधळ उलट्या बाजूनंही होतो. रविवारी मिसळ हाणली, सोमवारी काटा 800 ग्रॅम वर. लगेच सुतकी चेहरा. अहो, 800 ग्रॅम चरबी साठायला गरजेपेक्षा सहा हजारांवर कॅलरी जादा खाव्या लागतील! ते मिठानं धरलेलं पाणी आहे, दोन दिवसांत जाईल. नाशिकमध्ये राहून मिसळ सोडा असं मी लिहिणार नाही. मटकी चांगलीच आहे. सांभाळायची ती तर्री. मोठ्या चमच्याभर तेलात 120 कॅलरी, आणि किलोमीटरभर चालून जळतात पन्नासेक. तर्री तीनदा मागणाऱ्यानं पायांचाही विचार करावा.

काटा फेकून देऊ नका. आठवड्यातून एकदा, सकाळी शौचाहून आल्यावर, काही खाण्याआधी उभे राहा आणि महिनाभराचा कल बघा. चरबीचा टक्का दाखवणारे काटे अंगातल्या पाण्याप्रमाणे आकडा बदलतात, त्यावर फार विसंबू नये. भरवशाचा तो शिंप्याचा टेप. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून मोजायचं. आपल्याकडच्या पुरुषांना 90 सेंटिमीटर आणि बायकांना 80 ही धोक्याची रेघ.

दाजींचं काय झालं? भाच्याच्या साखरपुड्यात दोन पंगती झाल्या आणि चौथ्या दिवशी पावणेदोन किलो परत. काट्यातच बिघाड आहे म्हणाले. मी वहिनींचा टेप नेऊन दिला. त्यांनी पोट आत ओढलं, छाती फुगवली आणि टेप आवळला.

"दाजी, श्वास सोडा."

"सोडलाय की," ते म्हणाले, श्वास धरूनच.